ताऱ्याला ताऱ्याचंच माप

"ताऱ्याचं तेज मोजायला काय लागतं?" असं मी मुलांना विचारतो तेव्हा बहुतेक जण एका सुरात ओरडतात, "मोठ्ठी दुर्बीण!" एखादा हुशार म्हणतो, "कॅमेरा." एकदा आमच्या सीबीडी बेलापूरमधली पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "मीटर लागतो, काका. विजेचा असतो ना, तसा." सगळे हसले. पण ती काही अगदीच चुकली नव्हती. प्रकाश मोजायचे मीटर असतात. फक्त त्या मीटरलाही आधी विचारावं लागतं, "बाबा रे, तू कुणाशी ताडून सांगतोस?"

कारण ताऱ्याचं तेज मोजायला खरं लागतो तो दुसरा तारा. आणि तो दुसरा तारा भरवशाचा लागतो. सगळी गोम इथंच आहे.

तराजू आठवा. आता आमच्याकडे दिवाळे गावच्या मासळीबाजारातसुद्धा बटणांचे काटे आलेत. पण पूर्वी हातात तराजू धरून बसलेली कोळीणमावशी सगळ्यांनी पाहिलेली आहे. एका पारड्यात बोंबील, दुसऱ्या पारड्यात वजन. त्या वजनावर सरकारी शिक्का असायचा. आता समजा, ते वजनच सकाळी एक किलोचं आणि संध्याकाळी नऊशे ग्रॅमचं होत असेल तर? किंवा पाव किलो कोलंबी तोलायला मावशीनं पाच किलोचं वजन टाकलं आणि अंदाजानं सांगितलं, "घे रे, याच्या विसाव्या हिश्शाएवढी असेल"? तुम्ही घ्याल का ती कोलंबी?

आकाशात हुबेहूब असंच आहे. ज्याचं तेज मोजायचं तो तारा एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात ज्यांचं तेज आधीपासून ठाऊक आहे असे तारे. त्यांना म्हणतात तुलनातारे. पाहणाऱ्याचा डोळा म्हणजे तराजूचा काटा.

आपला डोळा हा काटा म्हणून झकास आहे, मीटर म्हणून मात्र कुचकामी. एकटाच तारा दाखवून "किती तेजस्वी?" विचारलं तर तो गांगरतो. दोन तारे शेजारी दाखवून "कुठला जास्त तेजस्वी?" विचारलं तर चटकन सांगतो. सराव असला तर अगदी बारीकसा फरकही सांगतो.

तेजाच्या मापाला मराठीत 'प्रत' म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदानं ताऱ्यांची यादी केली. सगळ्यांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, ही वाटणी तेव्हापासूनची, असं मानतात. म्हणजे आकडा मोठा तर तारा मंद. मुलांना हे नेहमी उलटं वाटतं. मी म्हणतो, वर्गातला पहिला नंबर मोठा की चाळिसावा? मग पटतं. पुढे १८५६ साली पॉग्सननं हिशेब पक्का केला: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पटीचा फरक. त्यामुळे एका प्रतीचा फरक म्हणजे साधारण अडीचपट. स्वाती, अभिजित यांची प्रत जवळजवळ शून्य. व्याध त्यांच्याहून तेजस्वी, म्हणून उणे दीड.

एवढं झालं की नवताऱ्याकडे वळता येतं.

नवतारा म्हणजे नोव्हा. नाव 'नव', पण तारा नवा नसतोच. एक छोटा, घट्ट, अतिशय गरम तारा असतो. त्याला श्वेतबटू म्हणतात. त्याच्या अगदी जवळ दुसरा एक तारा फिरत असतो. श्वेतबटू या शेजाऱ्याकडून हायड्रोजन वायू ओढून घेत राहतो. वर्षानुवर्षं थर साठतो, दाब वाढतो, तापमान वाढतं आणि एक दिवस अख्खा थर अणुबाँबसारखा पेटतो. तारा फुटत नाही, फक्त वरचा थर उधळून देतो. अंधारात कुणाच्याही लक्षात न आलेला तारा एकदोन दिवसांत हजारपट, कधी लाखपट उजळतो आणि मग हळूहळू पुन्हा मावळतो. कुठल्या दिवशी किती उजळला आणि किती वेगानं उतरला, यावरून त्या स्फोटात काय घडलं ते शास्त्रज्ञांना कळतं. आणि ती रात्र एकदाच येते. मंगळवारचं मोजमाप राहिलं तर बुधवारी ते परत करता येत नाही.

आमचं बेलापूर म्हणजे ताराबघ्यांचं काही माहेर नव्हे. नावातच सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट! कोकण भवन, सिडको भवन, पाम बीच रोडच्या तोंडाशी महापालिकेची घुमटवाली इमारत, सगळीकडे दिवेच दिवे. खाडीपलीकडे उरणच्या बाजूला बंदराचा उजेड. पारसिक हिलच्या पायथ्याशी आमची इमारत आहे. तिच्या गच्चीवरून चांगल्या रात्री चौथ्या प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसला तर मी स्वतःला भाग्यवान समजतो. काळं आकाश बघायचं तर आम्ही कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला जायचो. तिथं खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम व्हायचे. 'तुलनातारा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिथल्या गवतावर बसून, डास मारता मारता.

पण गंमत सांगतो. उजेडाच्या आकाशातसुद्धा तुलना करता येते. कारण उजेड दोन्ही पारड्यांवर सारखाच पडतो.

२०१३च्या ऑगस्टमध्ये हे नीट कळलं. १४ ऑगस्टला जपानमधल्या यामागाताच्या कोइची इतागाकी यांना धनिष्ठेच्या तारकापुंजात, शर आणि जंबूक या चिमुकल्या तारकासमूहांच्या सीमेजवळ एक नवतारा सापडला. आधी तो सतराव्या प्रतीच्या आसपासचा, म्हणजे मोठ्या दुर्बिणीशिवाय न दिसणारा. १६ तारखेला तो जवळजवळ ४.४ प्रतीपर्यंत चढला. लाखपट उजळला, मोजून बघा! आणि जागा तर अशी की बेलापूरहून रात्री साडेअकराच्या सुमारास तो अगदी डोक्यावर यायचा. आमचा अक्षांश १९ अंश, तो जवळपास २१ अंश उत्तरेला. मान मोडेपर्यंत वर बघायचं.

फक्त श्रावण होता.

१७ तारखेला शनिवार होता. माझी भाची डोंबिवलीहून राहायला आली होती. तेव्हा ती आठवीत होती. तळमजल्यावरचा नववीतला मुलगाही आमच्यात यायचा. दहा वाजता पाऊस, साडेदहाला पाऊस. अकराला ढगांत एक मोठी फट पडली आणि आम्ही तिघं दुर्बीण घेऊन गच्चीवर धावलो. दुर्बीण म्हणजे साधी दोन डोळ्यांची, ७ × ५०. नकाशावरून जागा शोधायला पाच मिनिटं लागली. सापडला! फिकट पिवळसर पांढरा ठिपका. आदल्या आठवड्यात तिथं काहीही नव्हतं, हे त्या मुलांना राहून राहून खरं वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "दोघांनी एकमेकांना न सांगता आपापला आकडा लिहा."

भाचीनं लिहिलं ४.५. मुलानं लिहिलं ५.०.

अर्ध्या प्रतीचा फरक. ऐकायला थोडा वाटतो, पण तेजात तो दीडपटीहून जास्त होतो. एकाच गच्चीवर, एकाच दुर्बिणीतून, दहा मिनिटांत. मुलाचा चेहरा पडला. त्यानं खोडरबर काढला आणि मुकाट्यानं ५.० पुसून ४.५ लिहायला लागला.

"थांब हं, मामा, त्याला विचार ना त्यानं कशाशी ताडलं ते," भाची म्हणाली. मी विचारणारच होतो, पण ती आधी बोलली हे मला जास्त आवडलं.

त्यानं ताडलं होतं शर तारकासमूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याशी, गॅमाशी. प्रत ३.५. का? तर दुर्बिणीत तो सगळ्यांत आधी दिसला म्हणून. "नवतारा त्याच्यापेक्षा दीड प्रतीनं मंद वाटला," तो म्हणाला.

भाचीनं घेतले होते दोन तारे. एक धनिष्ठेतला अल्फा, प्रत ३.८. दुसरा जंबुकातला २९ क्रमांकाचा तारा, प्रत ४.८. नवतारा पहिल्याहून मंद होता, दुसऱ्याहून थोडा उजळ. म्हणजे तो दोघांच्या मध्येच कुठेतरी असणार. मग तिनं मनातल्या मनात या दोघांमध्ये दहा पायऱ्यांचा जिना बांधला. वरची पायरी ३.८, खालची ४.८, दोघांत बरोबर एक प्रत. नवतारा वरून सातव्या पायरीवर वाटला. ३.८ आणि ०.७ मिळून ४.५.

आता बघा, मुलाच्या आकड्यात खोट कुठं होती ते तुम्हीच सांगू शकाल. नवतारा ४.८च्या ताऱ्याहून उजळ दिसतोय, हे दुर्बिणीतून तिघांनाही दिसत होतं. मग त्याची प्रत ५.० असेलच कशी? दोन्ही बाजूंना तारे घेतले की नवतारा चिमटीत सापडतो. एकच तारा घेतला तर "दीड प्रतीनं मंद" म्हणजे पाच किलोच्या वजनानं कोलंबी तोलणं. डोळ्याला छोटा फरक कळतो, मोठ्या फरकाचा तो नुसता अंदाज बांधतो.

दुसरी खोट जास्त मजेची होती. शरातला गॅमा हा लालसर राक्षसी तारा आहे. धनिष्ठेतला अल्फा आणि जंबुकातला तो २९ नंबर, दोन्ही पांढरे. आपल्या डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात: उजेडात रंग पाहणाऱ्या आणि अंधारात काम करणाऱ्या. अंधारातल्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे एकाला तांबडा तारा उजळ वाटतो, दुसऱ्याला मंद. शिवाय तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं की तो हळूहळू उजळत गेल्यासारखा भासतो. आमच्या नववीतल्या वीरानं गॅमाकडे चांगलं मिनिटभर टक लावलं होतं. त्यापुढं बिचारा नवतारा फिकाच पडणार. म्हणून तुलनातारा शक्यतो सारख्या रंगाचा घ्यावा आणि नजर पटपट इकडून तिकडं फिरवावी. टक लावू नये.

मी त्याला म्हटलं, "आकडा पुसू नकोस. त्याच्यावर एक रेघ मार आणि नव्या ताऱ्यांशी ताडून खाली दुसरा आकडा लिही. तिचा उतरवून घेऊ नकोस." त्यानं पुन्हा बघितलं. यावेळी बराच वेळ घेतला. "जंबुकातल्यापेक्षा एकच पायरी उजळ," असं म्हणून त्यानं ४.७ लिहिलं. भाचीचं ४.५, त्याचं ४.७. तेवढ्यात ढग आले.

आम्ही त्याची सरासरी ४.६ काढून पाठवली का? नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे, वेळेसकट आणि तुलनाताऱ्यांच्या नावांसकट पाठवले. अमेरिकेत १९११ साली सुरू झालेली एक संघटना आहे, रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची. रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज बदलतं ते तारे. जगभरातले हौशी लोक आपले आकडे तिथं पाठवतात. आकड्यापेक्षाही ते तुलनातारे अगत्यानं विचारतात. का? समजा उद्या कुणी जास्त चांगल्या उपकरणानं मोजून सांगितलं की तो २९ नंबरचा तारा ४.८ नव्हे, ४.९ आहे. तर आमच्या मुलांचं निरीक्षण फुकट जात नाही. तुलनातारा ठाऊक असल्यामुळे आकडा दुरुस्त करता येतो. वजन खोटं निघालं तरी बोंबील कुठल्या वजनानं तोलले ते लिहून ठेवलेलं असलं, की झालं.

त्यांच्या नकाशांवर तुलनाताऱ्याशेजारी नुसतं '४८' असं छापलेलं असतं. दशांश चिन्ह नसतं. मुलाला ती छापखान्याची चूक वाटली. पण ते मुद्दाम आहे. ताऱ्यांच्या नकाशात टिंब छापलं तर तोही तारा वाटेल ना!

आणखी दोन बारीक गोष्टी. क्षितिजाजवळचा तारा तुलनेला घेऊ नये. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या दुप्पट थरातून ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याचा येतो आणि १० अंशांवरच्याचा साडेपाचपट थरातून. त्यात आमच्याकडे धूळ, धूर नि खाडीची वाफ. तिथला तारा आपल्या खऱ्या तेजानं दिसतच नाही. आणि दोन तारे एकावर एक दिसत असले तर मान वाकडी करून त्यांना आडवं करावं. डोळ्याला दृश्यातल्या वेगवेगळ्या जागी तारा वेगळा उजळ वाटतो. गच्चीवर आम्ही तिघं माना वाकड्या करून उभे असताना समोरच्या इमारतीतल्या आजी खिडकीत येऊन बराच वेळ बघत होत्या, हे जाता जाता सांगायला हवं.

हे सगळं केलं तरी एक शंका उरतेच. तुलनातारा स्वतः स्थिर आहे, हे कशावरून?

अनुराधा नक्षत्र तुम्हाला माहीत असेल, वृश्चिकाच्या डोक्याशी उभे तीन तारे. त्यांतल्या मधल्या ताऱ्याची प्रत २.३ म्हणून पुस्तकांत पक्की छापलेली होती. २००० साली अर्जेंटिनातले हौशी निरीक्षक सेबास्टियन ओतेरो यांना नुसत्या डोळ्यांनी वाटलं, की हा शेजाऱ्यांच्या मानानं जरा जास्तच उजळ दिसतोय. हळूहळू तो १.६ पर्यंत चढला. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्याच्याकडे स्थिर म्हणून बघत होते, तोच हलायला लागला! म्हणून शहाणा निरीक्षक दोनांवर थांबत नाही, तीनचार तुलनातारे घेतो. एक बिघडला तर बाकीचे चुगली करतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव मोठमोठ्या वेधशाळांनी करावी, शाळकरी मुलांनी कशाला? तर बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र यांची गोष्ट ऐका. जन्म १८७८चा. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास. नोकरी सरकारी खजिन्यात, नाणी पारखण्याची. घरी तीन इंची दुर्बीण. ७ जून १९१८च्या रात्री त्यांना गरुड तारकासमूहात एक अनोळखी तारा दिसला. तो त्या शतकातला सर्वांत तेजस्वी नवतारा ठरला. दोन दिवसांत त्यानं अभिजित आणि स्वाती यांनाही मागं टाकलं. आता चिमटीत धरायला वरच्या बाजूचा तारा आणायचा कुठून? व्याध जूनमध्ये रात्री नसतो! अशा वेळी निरीक्षकाची खरी परीक्षा. पुढे चंद्रबाबूंनी त्या अमेरिकन संघटनेला ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं पाठवली. संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण भेट पाठवली. दिवसा नाणी पारखायची आणि रात्री तारे. मला वाटतं, दोन्ही कामांना एकच डोळा लागत असणार.

२०१३चा तो नवतारा सप्टेंबर उजाडेपर्यंत नुसत्या डोळ्यांच्या हद्दीबाहेर गेला. पण माझ्या डोक्यातून तुलनातारे काही गेले नाहीत. आता माझी सगळी तयारी आहे ती दुसऱ्याच एका ताऱ्यासाठी.

स्वाती आणि अभिजित यांच्या मध्ये, स्वातीच्या जवळ, अर्ध्या बांगडीसारखा एक छोटा तारकासमूह आहे, उत्तर मुकुट. त्याच्या कडेला 'टी' नावाचा तारा आहे, आपल्यापासून सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांवर. एरवी दहाव्या प्रतीचा, दुर्बिणीशिवाय न दिसणारा. पण १८६६ साली आणि पुन्हा १९४६ साली तो उसळून दुसऱ्या तिसऱ्या प्रतीपर्यंत आला. म्हणजे साधारण ८० वर्षांनी पाळी येते. २०२४च्या सप्टेंबरपर्यंत तो पुन्हा उसळेल, असं भाकीत काही शास्त्रज्ञांनी केलं होतं. तो सप्टेंबर आला नि गेला. ताऱ्यांना आपली वेळापत्रकं ठाऊक नसतात.

१९४६च्या उसळीची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये लेस्ली पेल्टियर नावाचे थोर हौशी निरीक्षक होते. १९२० पासून पाव शतक ते या ताऱ्यावर डोळा ठेवून होते. फेब्रुवारीतल्या एका रात्री अडीचला गजर लावून उठले, पण घसा खवखवत होता, बाहेर कडाक्याची थंडी. परत पांघरूण घेऊन झोपले. त्याच रात्री तारा उसळला! त्याच वेळी वेल्समधल्या न्यूपोर्टचा १५ वर्षांचा एक शाळकरी मुलगा आपल्या खोलीच्या खिडकीतून सहज बाहेर बघत होता. त्याला मुकुटात एक जादा तारा दिसला. त्यानं पत्र लिहून इंग्लंडच्या राजज्योतिषाला कळवलं.

हा तारा चढतो काही तासांत आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो फार तर आठवडाभर. त्या आठवड्यात "अगं बाई, तुलनेला कुणाला घ्यावं?" असं करत बसायला वेळ नाही. म्हणून कोष्टक आधीच तयार केलं. करताना ध्यानात आलं, की हा मुकुट म्हणजे भुलभुलैया आहे.

मुकुटातला सर्वांत ठळक तारा अल्फा, प्रत २.२. टी चढून जितका होतो, जवळपास तितकाच. रंग पांढरा, अंतर थोडं. सगळं जुळतं! पण तो एक जोडतारा आहे. दर १७ दिवसांनी एक तारा दुसऱ्याला झाकतो आणि तेज एक दशांश प्रतीनं उतरतं. फार नाही, पण शिक्क्याच्या वजनाला तेवढंही शोभत नाही. मुकुटाच्या वाटीत 'आर' नावाचा एक तारा आहे. तो एरवी सहाव्या प्रतीचा, पण स्वतःभोवती काजळीचा ढग फेकतो आणि चौदाव्या प्रतीपर्यंत गडप होतो. २००७ साली असा गेला तो परतायला कित्येक वर्षं लागली. हा तर साक्षात चोरकाटा! टीच्या अगदी शेजारी, अंशभरावर, एप्सिलॉन. प्रत ४.१, तेज भरवशाचं, पण रंग नारिंगी. टी उतरणीला लागेल तेव्हा हा कामाचा, नजर पटापटा फिरवण्याच्या अटीवर. वरच्या बाजूला भूतपातला एप्सिलॉन २.४ आणि भुजंगातला अल्फा २.६, दोघंही नारिंगीच. शौरीतला बीटा २.८, पिवळा. मुकुटातला गॅमा ३.८, पांढरा, त्याचं तेज हलतं पण शतांशांत, डोळ्याला ते कळत नाही, म्हणून चालेल. थीटा मी घेतला नाही. तो आपल्या पोटातला वायू बाहेर भिरकावणाऱ्या जातीचा आहे आणि त्याचं तेज वरखाली होतं.

आणि बेलापूरहून हा मुकुट रात्रीच्या सुरुवातीला डोक्यावर केव्हा येतो? जूनअखेर, जुलैत. म्हणजे पुन्हा पाऊस! मे महिन्यात हवा असेल तर मध्यरात्रीनंतर जागायचं.

कोष्टकाच्या तीन प्रती काढल्या. भाची आता पुण्यात नोकरी करते, एक तिच्याकडे. तळमजल्यावरचा मुलगा बंगळूरला, एक त्याच्याकडे. त्यानं फोनवर पहिला प्रश्न काय विचारला असेल? "काका, यातले तांबडे कुठले, ते लाल शाईनं लिहिलेत ना?" लिहिलेत. तिसरी प्रत आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी चिकटवली आहे. तिच्यात २.२च्या पुढं मी पेन्सिलीनं अल्फाच्या झाकण्याच्या तारखा मांडतो, दर सतरा दिवसांनी एक. महिना संपला की पुसून पुढच्या लिहायच्या.